शेरा : कोरडी

"ह्या विहिरीचं पाणी सध्या कोणी वापरतं का?" देवस्थळीबाईंनी विचारलं, आणि कात्रीनबायने माझ्याकडे बघत उत्तर दिलं, "नाय. कोन नाय वापरत."

विचारलं त्यांनी, आणि ही बघतेय माझ्याकडे. एवढं त्या शिकल्यासवरल्या बाईंच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांचं डोकं हातातल्या फॉर्मात होतं. 'सध्याचा वापर' ह्या रकान्यात त्यांनी शून्य मांडलं आणि पुढच्या रकान्यावर गेल्या.

ह्याला सोळा वर्षं झाली. ऑक्टोबर संपत आला होता. पालिकेने शहरातल्या जुन्या पाण्याच्या जागांची पाहणी काढली होती. विहिरी, तलाव, हौद, रस्त्याकडेच्या दगडी पाणपोया, सगळ्यांना शंभरपैकी मार्क द्यायचे, आणि आमच्या वॉर्डात ते काम देवस्थळीबाईंकडे होतं. साठ मिळाले की ती वास्तू जपायची, तिच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. साठाच्या खाली गेली की तिचा वाली कोणी नाही. शाळेतल्या पोरांना सुद्धा नापास झाल्यावर पुन्हा बसायला देतात, पण विहिरीला ती सोय नव्हती.

मी खोपकर, डास खात्याचा निरीक्षक. खात्याचं खरं नाव बरंच भारदस्त आहे, पण ते आमच्या पाटीशिवाय कोणाच्याही तोंडी नव्हतं. गटारात तेल फवारायचं, टाक्यांची झाकणं तपासायची, विहिरींत गप्पी मासे सोडायचे. गप्पी डासांच्या अळ्या खातात. वस्तीतली पोरं मला बघितलं की 'गप्पी आला' म्हणून ओरडायची, आणि मोठी माणसं घरातल्या उघड्या बादल्या लपवायची. माझ्या वॉर्डात त्रेसष्ट विहिरी होत्या. बहुतेकींवर खात्याने फार पूर्वीच सिमेंटचा स्लॅब घातला होता. स्लॅबला एक लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप आणि कुलपाची किल्ली माझ्या चौकीत. म्हणून पाहणीच्या दिवशी मला बाईंबरोबर पाठवलं होतं.

उंडीपाखाडी म्हणजे तीस-पस्तीस घरांचं जुनं गावठाण. राहणारे सगळे ईस्ट इंडियन, इथले मूळचे ख्रिस्ती. कात्रीनबाय त्यांच्यातलीच. विहीर गावठाणाच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून होती. आठकोनी, काळ्या दगडाची. हा रस्ता रुंद व्हायचा होता. विहीर यादीत आली तर रस्ता समोरच्या मोटारींच्या शोरूमचं अंगण बारा फूट खाऊन जाणार, आणि नाही आली तर विहिरीवरून जाणार. गोष्ट सरळ होती आणि ती तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

बाई झाल्या होत्या मात्र खूश. काठाच्या दगडांवर दोराच्या खाचा पडल्या होत्या, बोट जाईल एवढ्या खोल. त्यांवरून हात फिरवत त्या मला सांगत होत्या की दीडदोनशे वर्षं बायकांनी दोर ओढल्याशिवाय अशा खाचा पडत नाहीत. वयाला त्यांनी वीसपैकी सतरा दिले, बांधणीला पंधरा, दुर्मीळतेला चौदा. राहिले दोन रकाने, वीस-वीस मार्कांचे. वापराचं झालं होतं. आता पाणी.

त्यांनी झाकण उघडायला सांगितलं. मी म्हटलं, किल्ली चौकीत राहिली आणि कुलूप तसंही गंजलेलं आहे. बोलता बोलता माझं लक्ष कुलपाकडे गेलं. त्यावर ताजं तेल होतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या कुलपाला कोणी तेल घालत नाही. मी एक पाऊल पुढे सरकलो आणि कुलूप बुटाखाली घेतलं. कात्रीनबायने ते पाहिलं आणि पदर सावरत दुसरीकडे बघू लागली.

स्लॅबमधून हवेसाठी एक पाइप वर काढलेला असतो, तोंडाला जाळी बसवलेली. बाई त्याच्यावर ओणव्या झाल्या आणि वास घेतला.

"ओलसर वास येतोय, खोपकर."

"पावसाळा आत्ताच संपलाय, मॅडम. ओल राहते."

"म्हणजे पाणी नाही?"

"रजिस्टरप्रमाणे कोरडी."

बाईंनी दुसरं शून्य मांडलं. एकूण सेहेचाळीस. त्यांना वाईट वाटलं हे चेहऱ्यावर दिसत होतं. अशी घडीव दगडाची विहीर ह्या भागात दुसरी नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग फॉर्मवर माझी सही घेऊन पुढच्या विहिरीकडे निघाल्या. अजूनही त्यांचा राग येतो मला. खाचांना मार्क देताना हात फिरवून बघितलात आणि पाण्याला मार्क देताना माझ्या तोंडाकडे? चार माणसं बोलवायची, कुलूप तोडायचं, दोर सोडायचा. पण नाही. सरकारी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याइतक्या त्या सभ्य होत्या, आणि त्या सभ्यपणानेच घात केला.

चार दिवसांनी कात्रीनबाय माझ्या चौकीत आली. सत्तरी ओलांडलेली, अंगाने शिडशिडीत, गुडघ्याखाली जेमतेम येईल असं लाल चौकड्यांचं लुगडं. नवरा बस्त्याव काही वर्षांपूर्वी गेलेला. तिला बसायला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. शोरूमच्या वॉचमनने तिला सांगितलं होतं की विहीर नापास झाली, आता ती बुजवणार.

"साहेब, पानी हाय तिच्यात. बारा हात पानी हाय."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस? बाई समोर उभ्या होत्या. विचारलं होतं त्यांनी."

"तुमी होते ना थय."

मी भडकलो. मी होतो म्हणजे काय? मी काय वाघ होतो? तिने शांतपणे मला आठवण करून दिली. अकरा वर्षांपूर्वी मी ह्या वॉर्डात बदलून आलो तो पहिलाच महिना होता. ती झाकण उघडून पाणी काढत होती आणि मी तिला पकडलं होतं. बंद केलेल्या विहिरीचं पाणी काढलं म्हणून तिच्या नावाने पावती फाडली, दोर आणि बादली जप्त केली, आणि पुन्हा दिसलीस तर कोर्टात उभी करीन म्हणालो. वर नवीन कुलूप ठोकलं. माझ्या लक्षात सुद्धा नव्हतं. मी अशा पावत्या रोज फाडायचो. तिच्या मात्र ते पुरतं लक्षात होतं, आणि सगळ्या पाखाडीच्याही.

मग तिने मला जे सांगितलं त्याने माझा राग कुठच्या कुठे गेला आणि त्याच्या जागी भलतंच काहीतरी आलं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणतात. बायका डोक्यावर घागरी घेऊन निघतात, पुढे बँड असतो, विहिरीला फुलं वाहतात आणि त्याच पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. नळाचं चालत नाही, टँकरचं तर नाहीच. माझ्या कुलपानंतर बस्त्यावने, तो गिरणीत फिटर होता, कानस घासून दुसरी किल्ली बनवली. तेव्हापासून पाखाडीत लग्न असलं की बँड वाटेवरच्या क्रुसापर्यंत वाजत यायचा आणि तिथे थांबायचा. बायका पाय न वाजवता विहिरीवर जायच्या, पाणी काढायच्या, झाकण लावायच्या, कुलपाला तेल घालायच्या. क्रुसाशी परत आल्या की बँड पुन्हा सुरू. अकरा वर्षं. चोऱ्या करायच्या त्यांनी, कशाच्या, तर स्वतःच्या विहिरीच्या पाण्याच्या, आणि कोणाला भिऊन, तर मला.

तिची नात शेरिल. तिचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होतं. आणि त्याच्या आधी हरकतींवर सुनावणी व्हायची होती. कोणीतरी तिला सांगितलं होतं की तिथे आपलं म्हणणं मांडता येतं.

"मांड की मग," मी म्हटलं. "सांग त्यांना, पाणी आहे."

"आमचं बोललेलं नाय चालत साहेब. तुमचं लिवलेलं चालतं. तुमी सांगा."

मी तिला सांगितलं, सांगतो. सुनावणीला येतो आणि खरं काय ते सांगतो. अगदी मनापासून म्हटलं होतं. हे इथे लिहून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल मी तिला तोंडदेखलं सांगितलं. तसं नव्हतं. ती जाताना म्हणाली, लग्नाला या, जोडीने या.

ती गेल्यावर मी कपाटातून उंडीपाखाडीची रजिस्टरं काढली. अकरा वर्षांची. आता इथे मला ते सांगायला हवं जे मी त्या दिवसापर्यंत स्वतःशीही बोललो नव्हतो.

आमच्या रजिस्टरात चौदा रकाने असतात. तारीख, विहीर क्रमांक, स्थिती. स्थितीमध्ये 'पाणी आहे' असं लिहिलं की पुढचे अकरा रकाने भरावे लागतात. पाण्याची पातळी किती, डावाने पाणी काढून त्यात अळ्या किती, कोणत्या जातीच्या, औषध किती टाकलं, गप्पी किती सोडले, झाकणाची स्थिती, साक्षीदाराची सही. त्यासाठी झाकण उघडावं लागतं, वाकावं लागतं, तिथे अर्धा तास मोडतो. आणि स्थितीमध्ये 'कोरडी' असा एक शब्द लिहिला की उरलेल्या अकरा रकान्यांवर एक तिरपी रेघ मारायची. संपलं. त्रेसष्ट विहिरी, हाताखाली दोन माणसं, आणि ती दोघं वर्षातले सहा महिने कुठल्या ना कुठल्या साहेबाच्या बंगल्यावर फवारणीला. मी पहिले दोन महिने सगळ्या विहिरी उघडल्या. उंडीपाखाडीत मी स्वतः पन्नास गप्पी सोडले होते. तिसऱ्या महिन्यात मी चौकीत बसून पहिली 'कोरडी' लिहिली. कोणी विचारलं नाही. चौथ्या महिन्यात आणखी दहा लिहिल्या. वर्षभरात माझ्या वॉर्डातल्या चाळीस विहिरी आटल्या. असा दुष्काळ शहराने कधी बघितला नसेल आणि तो मी एका बॉलपेनने पाडला होता.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आडात होतं, बारा हात होतं, फक्त माझ्या रजिस्टरात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ती रजिस्टरं घेऊन पालेकरांकडे गेलो. पालेकर आमचे मुख्य निरीक्षक. माणूस वाईट नव्हता, उगाच कोणाचं वाकडं करणारा नव्हता. त्यांनी चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं, रजिस्टराची चारदोन पानं उलटली.

"खोपकर, तू खरं बोल. मी अडवत नाही," ते म्हणाले. "फक्त किती खरं बोलणार ते सांग. एका विहिरीचं, की चाळिसांचं?"

मी म्हटलं, एका विहिरीचं.

"एक कुलूप उघडलंस की बाकीची उघडायला लागतील. मग तुझ्या आधीचा निरीक्षक, त्याच्या आधीचा. शेजारच्या वॉर्डातले. तुझी दोन वर्षं राहिलीत ना? चौकशीला ही दोन वर्षं पुरणार नाहीत, पेन्शन तेवढी अडकेल." मग हसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि झाकलेली विहीर त्याहून महाग. तिथे फक्त एवढंच म्हण की रजिस्टरप्रमाणे कोरडी. खोटं नाही ते. रजिस्टरात तसंच आहे."

मला तेव्हा पालेकरांचा भयंकर राग आला. मी चहा तसाच ठेवून उठलो. घरी बायकोला सांगितलं. तिने फक्त पेन्शनचं काय होईल ते विचारलं. तिचाही राग आला. त्या आठवड्यात मला राग येणार नाही असा माणूस उरला नव्हता. चांगली सोय होती ती. सगळ्या जगावर राग काढला की मधला एक माणूस बरोबर सुटतो.

सुनावणी वॉर्ड ऑफिसच्या वरच्या मजल्यावर होती. चाळीसेक हरकती, एक मोठा हॉल, कंटाळलेला एक अधिकारी. शोरूमचा वकील मागच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. त्याला बोलावंच लागलं नाही. त्याचं काम मी करणार होतो. देवस्थळीबाई एका बाजूला फॉर्मांचे गठ्ठे घेऊन बसल्या होत्या. मी आत गेल्यावर त्यांनी मान हलवून नमस्कार केला.

उंडीपाखाडीचं नाव पुकारलं तशी कात्रीनबाय पुढे आली. बरोबर तिचा पुतण्या आग्नेल. तिच्या हातात लोणच्याची काचेची बरणी होती, पाण्याने भरलेली. ती तिने अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली. त्याने विचारलं, हे काय?

"विहिरीतला पानी साहेब. आज सकालचा."

अधिकारी म्हणाला, पाणी कुठलंही असू शकतं. ह्याच विहिरीचं कशावरून? तिने बरणी थोडी फिरवली आणि बोट दाखवलं. तळाशी चारपाच गप्पी पोहत होते. ती म्हणाली, हे मासे आमचे नाहीत. हे पालिकेचे आहेत. ह्या साहेबांनी सोडले होते, ते पहिल्यांदा आले तेव्हा. मी बघितलं आहे. ते वाढले, त्यांना पिल्लं झाली. पाणी नसतं तर मासे जगले असते का?

देवस्थळीबाई एकदम पुढे सरकल्या. मला त्यांचा चेहरा आठवतो. फॉर्मवर त्यांचं पेन तयार होतं. वीस मार्क. सेहेचाळीस आणि वीस, सहासष्ट. एका शब्दाचं काम होतं.

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. "खोपकर, हे तुमच्या खात्याचे मासे आहेत का?"

मी बरणीकडे बघितलं, पुढे पालेकर बसले होते, त्यांच्याकडे बघितलं. कात्रीनबायकडे बघितलं नाही.

"साहेब, गप्पी काय, कुठल्याही गटारात सापडतात."

हॉलमध्ये लोक हसले. हसण्यासारखंच वाक्य होतं. मागचा वकील सुद्धा पेपर खाली करून हसला.

"आणि विहिरीची स्थिती?"

"रजिस्टरप्रमाणे कोरडी. अकरा वर्षं."

बाईंनी विचारलं, झाकण उघडून का बघत नाही? पालेकर उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले की बंद विहिरीत विषारी वायू असू शकतो, अग्निशमन दलाची परवानगी लागते, तिला सहा आठवडे लागतात, आणि यादी तर ह्याच आठवड्यात जायची आहे. कात्रीनबाय म्हणाली, कशाला परवानगी? किल्ली माझ्याकडे आहे, चला आत्ता, मी उघडून दाखवते. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, आजी, पालिकेच्या कुलपाची दुसरी किल्ली बाळगणं हा गुन्हा आहे. हे मी लिहून घेऊ का?

आग्नेलने तिला दंडाला धरून मागे ओढलं. ती गेली. जाताना बरणी उचलली आणि माझ्या समोर येऊन क्षणभर उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बरणी पोटाशी धरून निघून गेली आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पालेकरांच्या हुकमावरून मी जाऊन कुलूप बदललं. जुनं कुलूप हातात घेतलं तर बोटं तेलकट झाली.

विहीर बुजवायचा दिवस ठरला लग्नाच्या आधीचा गुरुवार. खात्याचा प्रतिनिधी म्हणून मला हजर राहायचं होतं, काम झाल्याच्या कागदावर सही करायची होती. सकाळी दहाला ब्रेकर लावून स्लॅब फोडला. तुकडे आत पडले तसा धप्प आवाज आला आणि पाणी वर उडालं. ठेकेदाराचा सुपरवायझर, साताऱ्याकडचा तरुण माणूस, कडेला जाऊन आत डोकावला. मीही डोकावलो. काठापासून चार हातांवर पाणी होतं. स्वच्छ. उन्हात तळाच्या पायऱ्या दिसत होत्या.

"साहेब, ही तर भरलेली आहे," तो म्हणाला.

मी विचारलं, तुझी ऑर्डर काय आहे? तो म्हणाला, बुजवायची. मी म्हटलं, मग बुजव.

तेव्हा सुद्धा वेळ गेलेली नव्हती. हे मी रोज स्वतःला सांगतो. एक फोन केला असता, देवस्थळीबाई रिक्षाने वीस मिनिटांत आल्या असत्या. त्यांचा नंबर माझ्या खिशात होता, पाहणीच्या दिवशी त्यांनीच दिलेला. मी फोन केला नाही. ना पालेकरांनी माझा हात धरला होता, ना शोरूमवाल्याने मला काही दिलं होतं. शोरूमवाल्याला तर माझं नावही माहीत नव्हतं. फुकट केलं मी ते.

पहिला डंपर रिकामा झाला, दुसरा झाला. डबर आत पडत होतं आणि पाणी वर चढत होतं. तिसऱ्या डंपरला ते काठाशी आलं, आणि चौथ्याला दोराच्या खाचांमधून बाहेर पडलं. आठही बाजूंनी. रस्त्यावर आलं, उताराला लागलं, शोरूमच्या फाटकापाशी तळं झालं. मोटारसायकलवाले पाय वर घेऊन जात होते आणि पाइप फुटला का म्हणून विचारत होते. माझ्या बुटांत पाणी गेलं. ती कोरडी विहीर दोन तास वाहत होती.

पाखाडीतल्या बायका तेव्हा आल्या. कोणी बोलावलं नव्हतं, पाणी घरापर्यंत गेलं असेल. दहाबारा जणी, सगळ्यांच्या हातात घागरी. त्या लग्नाच्या घागरी होत्या, गळ्याला रंगीत दोरा बांधलेल्या. शनिवारपर्यंत पाणी राहणार नव्हतं म्हणून गुरुवारीच घेऊन आल्या. बँड नव्हता, फुलं नव्हती. मला वाटलं दगड मारतील. सुपरवायझरलाही वाटलं असावं, त्याने डंपर थांबवला. पण त्या आमच्याकडे बघत सुद्धा नव्हत्या. काठाच्या खाचांखाली घागरी धरून त्या एकेक करून भरत होत्या. शेरिलही होती त्यांच्यात, जीन्समध्ये, नवरीसारखी मुळीच न दिसणारी. ती रडत होती आणि घागर भरत होती.

सुपरवायझर माझ्यापाशी कागद घेऊन आला. छापील होता, नुसती सही करायची होती. 'सदर कोरडी व वापरात नसलेली विहीर निरीक्षकांच्या समक्ष भरून काढण्यात आली.' त्याने कागद पुढे केला, पण माझ्याकडे बघेना.

कात्रीनबायची घागर सगळ्यात शेवटी भरली. सगळ्यांत मोठी तीच होती, तांब्याची. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या. तिने वाकून घागर उचलायचा प्रयत्न केला, चुंबळ डोक्यावर नीट बसवली, पुन्हा वाकली. सत्तरीच्या बाईला एकटीला ते जमणार नव्हतं. तिने मान वर केली. जवळ मीच होतो.

"खोपकर," ती म्हणाली, "हात लाव जरा."

साहेब नाही, तुमी नाही. विहिरीवर आलेल्या कुठल्याही माणसाला सांगावं तसं सांगितलं. मी कागद काखेत धरला, दोन्ही हातांनी घागर उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. घागर काठोकाठ भरलेली होती आणि चांगलीच जड होती. थोडं पाणी हिंदकळून माझ्या मनगटांवरून शर्टाच्या बाहीत गेलं. तिने एका हाताने घागर सावरली आणि ती पाखाडीच्या दिशेने गेली.

मग मी ओले हात पँटला पुसले आणि सही केली.